डायनामो हब दगा देतो का, आणि देतो तेव्हा नेमकं काय बिघडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात रोज २४ किलोमीटर सायकलने ऑफिसला जाणं-येणं, परतताना बहुतेक वेळा अंधार. यंदा ३०० आणि ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करायच्या आहेत. बॅटरीचा दिवा नको तेव्हा मान टाकतो, म्हणून पुढच्या चाकात डायनामो हब, म्हणजे चाक फिरताना वीज तयार करणारा हब, बसवायचा विचार आहे. पण 'पावसात जातो', 'बेअरिंग गेलं की इथे कोणी हात लावत नाही' आणि 'सायकल जड चालते' अशी तीन मतं कानावर आली. मग हब भरवशाचा आहे की नाही, आणि त्यावर मोबाइल चार्ज होईल का?

हब भरवशाचा आहे. पण रस्त्यावर उजेड पडतो तो एकट्या हबमुळे नाही. हब, हबवरची जोडणी, चिमट्यावरून (पुढच्या फोर्कवरून) वर जाणारी वायर, पुढच्या दिव्यातलं सर्किट, हवी असल्यास मागची वायर आणि मागचा दिवा अशी ती साखळी असते. या साखळीत हब ही सगळ्यांत पक्की कडी आहे आणि जोडणी सगळ्यांत कच्ची. म्हणून 'हब टिकेल का' यापेक्षा मी वेगळे प्रश्न विचारतो: काय तुटेल, तुटण्याआधी इशारा मिळेल का, आणि रात्री दोन वाजता खंबाटकीच्या पायथ्याशी पिशवीत आहे तेवढ्या सामानात ते जोडता येईल का?

आधी हब इतका का टिकतो ते बघू. पूर्वीचा बाटलीसारखा डायनामो टायरवर घासून फिरायचा. पावसात त्याची चकती टायरवरून घसरायची, टायरची कड झिजायची, स्प्रिंग ढिली पडायची. हबमध्ये यातलं काहीच नाही. चुंबकांचं कडं हबच्या कवचाला आतून चिकटवलेलं असतं आणि ते चाकाबरोबर फिरतं. तांब्याचं वेटोळं आखावर स्थिर बसलेलं असतं आणि त्याच्या दोन तारा आखातून बाहेर येतात. फिरत्या भागातून वीज बाहेर काढायची नसल्यामुळे कार्बन ब्रश लागत नाही. घासणारी वस्तू एकच, बेअरिंग, आणि तीही साध्या हबमध्ये असतेच. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात डायनोहब आणला आणि १९८४ पर्यंत बनवला. त्यातले कित्येक आजही वीज देतात. त्यांची शक्ती कमी होती, पण बांधणीचं तत्त्व हेच.

दुसरं कारण विजेचं आहे आणि ते नीट समजून घ्यावं, कारण पुढे बिघाड शोधताना तेच कामाला येतं. आजचे बहुतेक हब ६ व्होल्ट ३ वॅट या मापाचे असतात, म्हणजे प्रवाह साधारण अर्धा अँपियर. वेग दुप्पट झाला की वेटोळ्यात तयार होणारा विजेचा दाब (व्होल्टेज) दुप्पट होतो, पण प्रवाहाची वारंवारताही दुप्पट होते आणि वेटोळ्याचा स्वतःचा अडथळा तेवढाच वाढतो. त्यामुळे ताशी १५ किलोमीटरच्या पुढे कितीही पळालात तरी प्रवाह अर्ध्या अँपियरच्या आसपासच राहतो. यातून दोन गोष्टी निघतात. दोन तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट झालं तरी हब जळत नाही, फक्त दिवा लागत नाही. उलट काहीच जोडलेलं नसेल तर उतारावर टोकांवरचा दाब कित्येक दहा व्होल्टपर्यंत चढतो. हबला त्याचंही काही होत नाही, पण भलत्या ठिकाणी जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचं होऊ शकतं.

हॅलोजन बल्बच्या काळात डायनामो बेभरवशाचा म्हणून बदनाम झाला त्याचं कारणही इथेच आहे. मागचा ०.६ वॅटचा बल्ब उडाला की सगळा प्रवाह पुढच्या २.४ वॅटच्या बल्बवर यायचा आणि तोही उडायचा. दोष हबच्या माथी. एलईडी दिव्यांत दाब आवरणारं सर्किट आत असतं, त्यामुळे हा प्रकार संपला. पथ्य एकच: मागच्या दिव्याची वायर पुढच्या दिव्यावर त्यासाठी दिलेल्या टोकांवरूनच घ्या, हबवरून परस्पर नको.

आता बिघाडांकडे येऊ. दिवा बंद पडला की सहसा कारण हबपासून वीतभर अंतरात सापडतं.

पंक्चर झालं, अंधार आहे, घाईत चाक ओढून काढलं आणि प्लग काढायचा राहिला. वायर तुटते, नाहीतर प्लॅस्टिकच्या टोपीचा कान तुटतो. म्हणून क्रम हाताला बसवून घ्या: आधी प्लग, मग ब्रेक, मग क्विक रिलीज (आख आवळणारी लिव्हर). चाक परत घालताना उलट. जपानी शिमानो कंपनीच्या हबची ती करड्या रंगाची टोपी स्वस्त असते पण आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही, तेव्हा हब मागवतानाच दोन जास्तीच्या मागवा.

दुसरा प्रकार आख फिरण्याचा. वेटोळं आखावर स्थिर आहे, म्हणजे चुंबक त्याला सतत चाकाबरोबर ओढत असतात. ही ओढ छोटी असली तरी तासन्‌तास चालू असते. क्विक रिलीज ढिली असेल तर आख हळूहळू फिरतो, प्लगचं तोंड चिमट्यावर येऊन आदळतं आणि वायर पिळली जाऊन तुटते. साध्या हबमध्ये किंचित ढिली चालून जाणारी पकड इथे चालत नाही. लिव्हर बंद करताना तळव्यावर वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे. पकड आवळण्याआधी प्लगचं तोंड चिमट्याच्या पायाला समांतर, वरच्या बाजूला किंवा जरा मागे झुकलेलं आहे ना ते बघा.

तिसरा प्रकार जोडणीच्या आतला. शिमानोच्या प्लगमध्ये उघड्या तारा खाचेत वळवून बसवायच्या असतात. वायरचं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला, तारांना पीळ द्या, दोन्ही टोकं आपापल्या खाचेत बसवा आणि एकही सुटी तार शेजारच्या खाचेत डोकावत नाही ना ते उजेडात तपासा. केसाएवढी एक तार पलीकडे गेली की शॉर्ट, आणि ते खड्ड्यांत होतं, सपाट रस्त्यावर होत नाही, त्यामुळे माणूस चक्रावतो. इथे तारांना डाख (सोल्डर) देऊ नका. डाखाने तार ताठ होते आणि डाख जिथे संपतो नेमकी तिथे थरथरीने तुटते. जर्मन 'सोन' (SON) हबवर ४.८ मिलिमीटरच्या चपट्या पिना असतात, त्यावर क्रिंप केलेले, म्हणजे वायरवर दाबून बसवलेले, स्पेड (चपटी टोकं) बसतात. क्रिंप योग्य पकडीने करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा, काढताना स्पेड धरून काढा, वायरला धरून नाही. वारंवार काढून ढिला पडला तर पकडीने हलकेच चेपला की पुन्हा घट्ट बसतो.

पाणी वायरवरून ओघळत येतं हे लक्षात ठेवा. स्पेडची जोडणी असेल तर वायर हबच्या पातळीखाली थोडी उतरवून मग वर वळवा, म्हणजे थेंब खालच्या वळणावरून गळून पडतो. शिमानोच्या प्लगमध्ये तारा वरूनच आत जातात, तिथे टोपी बसवण्याआधी सिलिकोन ग्रीस भरणं हाच उपाय. पावसाळ्यात जोडणी हिरवट पडली तर ती पूर्ण उघडून, बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा ग्रीस भरा. वरून नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर पाणी आत अडकतं आणि गंज लवकर चढतो.

वायर चिमट्याच्या उजव्या पायाच्या मागच्या बाजूने वर न्या, दर ८-१० सेंटिमीटरवर झिप टाय लावा, हबपाशी आणि चिमट्याच्या माथ्याशी दोन-तीन सेंटिमीटर ढील ठेवा. माथ्याशी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. ताणली जाणारी वायर लगेच तुटत नाही. आवरणाच्या आत एकेक तार तुटत जाते आणि काही महिन्यांनी दिवा लुकलुकायला लागतो.

मागच्या वायरीबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. मागच्या दिव्याला लागते अर्ध्या-पाऊण वॅटची वीज, आणि त्यासाठी दीडएक मीटर वायर कॅरियर, मडगार्ड आणि पिशव्यांच्या घर्षणातून न्यावी लागते. लांब पल्ल्याला मागे बॅटरीचे दोन स्वतंत्र दिवे बरे; एक बंद पडला तर दुसरा असतोच, आणि मागचा दिवा बंद पडलेला आपल्याला चालवताना दिसतही नाही. रोजच्या सायकलला पक्कं कॅरियर असेल, वायर मडगार्डच्या आतून नीट नेता येत असेल, तर मात्र वायरचा दिवा उत्तम. तुमची सायकल एकच असेल तर दोन्ही लावा.

शिमानोच्या बऱ्याच हबमध्ये दोनपैकी एक टोक आखाला जोडलेलं असतं, म्हणजे सायकलच्या सांगाड्यालाही. काही दिव्यांचंही एक टोक त्यांच्या पट्टीतून सांगाड्याला मिळतं. अशा वेळी तारा उलट लागल्या तर सांगाड्यातून शॉर्ट होतं. चिमट्यावर जाड रंग असेल तर ते कधी होतं, कधी होत नाही. नवीन जोडणीत दिवा लागतच नसेल तर पहिलं काम, हबकडच्या दोन तारांची अदलाबदल.

आता पाऊस आणि बेअरिंग. 'पावसात जातो' यात तथ्य आहे, पण समजुतीतलं कारण वेगळं आहे. वरून पडणाऱ्या पावसाने हबचं फार बिघडत नाही. त्रास होतो तापमान एकदम उतरल्याने. उन्हात उभ्या सायकलचा हब ५० अंशांपर्यंत तापला आणि मग सरीने किंवा ओढ्याच्या पाण्याने २५ अंशांवर आला, तर आतली हवा सुमारे ८ टक्के आकसते. डायनामो हबमध्ये पोकळी मोठी असते. ती हवा आत ओढते आणि सीलच्या ओठावर पाणी थांबलेलं असेल तर तेही आत जातं. एका वेळी थेंबभरच, पण बाहेर पडायला वाट नसते. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या श्मिट यांनी १९९५ पासून बनवलेल्या सोन हबच्या आताच्या आवृत्त्यांत हवेला जायला-यायला वेगळी बारीक वाट ठेवलेली आहे, म्हणजे सीलवर ओढ पडत नाही. हा दिखाऊ भाग नाही. आपल्या पावसाळ्यासाठी जास्त पैसे मोजायचं सगळ्यांत सबळ कारण तेच आहे.

पाणी आत गेल्यावर दोन ठिकाणी गंज धरतो. एक बेअरिंगमध्ये. दुसरा वेटोळ्याभोवतीच्या लोखंडी पाकळ्यांवर. या पाकळ्या आणि चुंबक यांच्यातलं अंतर मिलिमीटरहूनही कमी असतं. गंजाचा थर फुगला की चुंबक घासायला लागतो आणि खरखर ऐकू येते. अशा वेळी बेअरिंग बदलूनही ती खरखर जात नाही. म्हणून हबवर प्रेशर पंपाची धार मारू नका. सर्व्हिसिंगला दिलीत तर तोंडाने सांगा, कारण चकाचक धुवून देणं हीच अनेकांची सेवेची कल्पना असते. ताम्हिणीतल्या ओढ्यात हब बुडेल इतकं पाणी असेल तर सायकल उचलून न्या. कोकण किनाऱ्यावरून आल्यावर खारं पाणी ओल्या फडक्याने पुसून काढा, नळीने नको.

बेअरिंगची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. बेअरिंग अचानक जात नाही. आधी किंचित खेळ येतो, मग आवाज, आणि तरीही शेकडो किलोमीटर चाक फिरत राहतं. खेळ तपासायचा तर चाक सायकलवरच ठेवून रिम धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर खेळ आहे. पण एक गैरसमज काढून टाका. सुटं चाक हातात घेऊन आख बोटांनी फिरवला तर तो सलग फिरत नाही, ठराविक अंतराने अडतो. हे चुंबकांचं ओढणं आहे. नवा कोरा हबही असाच अडतो आणि या कारणाने दुकानदाराकडे परत आणला जातो. सारख्या अंतरावर, सारख्या जोराने अडतो तो चुंबक; कुठेतरी जास्त, कुठेतरी कमी, आणि वाळू भरडल्यासारखा आवाज, तर ते बेअरिंग. चालवताना विशिष्ट वेगाला हँडलमध्ये बारीक थरथर जाणवली तर तीही बहुधा याच ओढीची. मडगार्डचा स्टे आवळला की ती बहुतेक वेळा विझते.

दुरुस्ती इथे होते का, हे हबवर अवलंबून आहे. शिमानोमध्ये कप, कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) आणि सुटे छर्रे असतात. कंपनी म्हणते हब उघडू नका. कसलेला कारागीर प्लगच्या उलट्या, म्हणजे डाव्या बाजूचा कोन सैल करून खेळ काढू शकतो आणि त्या बाजूचं ग्रीस बदलू शकतो. उजव्या बाजूच्या नटला हात लावायचा नाही. वेटोळ्याची तार त्या नटखालून, आखाच्या खाचेतून बाहेर येते. नट फिरला की ती आतल्या आत तुटते आणि चांगला हब कायमचा मुका होतो. इथल्या दुकानात शिमानोचा हब बिघडण्यापेक्षा बिघडवला जाण्याची शक्यता मोठी, असं मी म्हणतो ते यामुळे. सोन आणि तैवानच्या शटर प्रिसिजनमध्ये बंद बेअरिंग असतात. ती घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात बदलायची रचना नाही, कंपनीकडे पाठवावा लागतो. सोनवर ५ वर्षांची हमी आहे, पण भारतातून पाठवणं, परत मागवणं, कस्टम्स यांत आठवडे जातात.

यावरचा तोडगा साधा आहे: जुनं पुढचं चाक मोडू नका. डायनामोचं चाक नव्या रिमवर, नव्या तारांनी (स्पोकनी) बांधा. हब दुरुस्तीला गेला तर जुनं चाक लावा, बॅटरीचा दिवा लावा, ऑफिस चालू. जुन्याच तारा नव्या हबला वापरायचा मोह होतो, पण डायनामो हबची चकती (तारा अडकवायची कड) मोठी असल्यामुळे तारा काही मिलिमीटर आखूड लागतात. लांब तार निपलच्या आत टेकते, ताण येत नाही आणि चाक महिन्याभरात आउट होतं. हबच्या चकतीचा भोकांच्या रेषेवरचा व्यास आणि रिमचा आतला व्यास स्वतः मोजून मगच तारा कापून घ्या.

मागवण्याआधी तीन मापं घ्या. चिमट्याच्या आतलं अंतर १०० मिलिमीटर आहे का? जुन्या काळ्या सायकलींचं बहुतेक वेळा कमी असतं आणि खाचाही अरुंद असतात. आख क्विक रिलीजचा की आरपार जाणारा १२ किंवा १५ मिलिमीटरचा? डिस्क ब्रेक असेल तर त्याची चकती मधल्या एका रिंगने बसणारी (सेंटरलॉक) की सहा बोल्टची? आणि हब ३ वॅटचाच आहे ना ते बघा, कारण शहरी सायकलींसाठी कमी वॅटचेही बनतात आणि ते स्वस्त दिसतात. २० इंची चाकाच्या घडीच्या सायकलीला मात्र हलका, लहान चाकासाठीचा हब लागतो. तिथे चाक जास्त वेगाने फिरतं.

कोणता घ्यावा? रोजचा वापर, अधूनमधून ब्रेव्हे, बजेट मर्यादित, तर शिमानोचा डीएच-३एन७२ किंवा त्याहून हलका डीएच-३एन८० यांच्या वर्गातला. सोन साधारण तीन-चार पट महाग पडतो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारखी ९० तासांची १२०० किलोमीटरची राइड किंवा महिनोन्‌महिने प्रवास डोक्यात असेल तर तो पैसा वसूल होतो. शटर प्रिसिजनचे हब वजनाला हलके आणि ओढ कमी, पण आपल्या पावसाळ्यात रोज भिजणाऱ्या सायकलला ते मी सुचवत नाही. ज्याच्या बेअरिंगला हात लावता येत नाही असा हब रोज ओला करायचा नसतो.

'सायकल जड चालते' हा आक्षेप आकड्यांत बघा. दिवा लावून ताशी २० च्या वेगाला चांगला हब तुमच्याकडून पाचेक वॅट घेतो, बंद असताना एखाद-दीड वॅट. बंद असतानाही लोखंडात थोडी ऊर्जा जातेच, म्हणून शून्य होत नाही. दिवा लावलेला असताना दर किलोमीटरला सुमारे एक मीटर जास्त चढल्याइतकं हे ओझं आहे. टायरमध्ये हवा कमी ठेवली तर याहून जास्त खर्च होतो. हाताने चाक फिरवून 'बघा कसं लगेच थांबतं' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. रिकाम्या चाकात ऊर्जाच किती असते!

खरी मर्यादा वेगळी आहे आणि तिचा विचार जरूर करा. ताशी ७-८ च्या वेगाने घाट चढताना दिवा मंद असतो आणि जरा लुकलुकतो. थांबलात की दिव्यातला कपॅसिटर चार-पाच मिनिटं क्षीण उजेड देतो, नकाशा बघायला तो पुरत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर, चढावर, पंक्चर काढताना हेल्मेटवर लहान बॅटरी दिवा हवाच. तोच तुमचा राखीव दिवाही. डायनामो दिवा म्हणजे बॅटरी कायमची सुटली असं मी कधीच सांगत नाही.

म्हणूनच तुमच्या प्रश्नातला एक भाग उलटा लावायला हवा. ४०० च्या ब्रेव्हेला २७ तास असतात, त्यात पूर्ण काळोख ११ तास धरू. ३ वॅटने ३३ वॅट-तास लागतात. चांगल्या १८६५० मापाच्या लिथियम सेलमध्ये साधारण १२ वॅट-तास मावतात, म्हणजे तीन सेल. खिशात मावतील. वर्षातून दोन ब्रेव्हेंसाठी हब घेण्याची गरज नाही. हब कमावतो तो रोजच्या १२ अंधाऱ्या किलोमीटरमध्ये, जिथे 'चार्ज केला होता का?' हा प्रश्नच उरत नाही. तुमचा वापर असा आहे म्हणून घ्या. फक्त ब्रेव्हे असत्या तर सेल घ्या म्हणालो असतो.

वाटेत दिवा गेलाच तर क्रमाने जा. आधी दिव्याचं बटण. पावसाच्या हातमोज्याने ते नकळत फिरतं. मग हबवरचा प्लग काढून परत दाबून बसवा. बरेच दिवे इथेच लागतात. नाही लागला तर मागची वायर पुढच्या दिव्यावरून सोडवा. आता लागला, तर शॉर्ट मागच्या वायरीत आहे; ती तशीच सोडून पुढे निघा. तरीही नाही, तर प्लग काढा, हबच्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने शॉर्ट करा आणि चाक उचलून फिरवा. चाक स्पष्टपणे जड, धक्के देत फिरलं तर वेटोळं शाबूत आहे, हब निर्दोष. मग वायर नाहीतर दिवा. सोबतची मीटरभर वायर हबपासून दिव्यापर्यंत बाहेरूनच टाका. लागला तर वायर, नाही तर दिवा गेला, हेल्मेटचा दिवा काढा. शॉर्ट करूनही चाक पूर्वीइतकंच सहज फिरलं तरच हबवर संशय घ्या. घरी मल्टिमीटरने दोन टोकांमध्ये एक आकडी ओहम दिसायला हवेत आणि एसीवर ठेवून चाक जोरात फिरवलं की काही व्होल्ट. वापरलेला हब विकत घेतानाही ही शॉर्टची युक्ती चालते, मीटर लागत नाही.

सोबत ठेवायचं सामान मुठीत मावतं: मीटरभर दुपदरी वायर, तुमच्या हबप्रमाणे टोपी किंवा दोन स्पेड, थोडी चिकटपट्टी, चार झिप टाय आणि तो लहान दिवा.

राहिला मोबाइल. चार्जर सर्किट लावलं तर ताशी २० ला अडीचेक वॅट हाती येतात, घाटात चढताना एक वॅटही नाही. ५००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॅट-तास मावतात, म्हणजे रिकामा फोन भरायला सपाटीवरचे आठ-नऊ तास. वेग पडला की पुरवठा तुटतो, आणि प्रत्येक वेळी तुटून जोडला गेला की फोनचा पडदा उजळतो; काही फोन मिळालं त्याहून जास्त त्यातच घालवतात. दिवा आणि चार्जिंग एकाच वेळी पूर्ण क्षमतेने होत नाही, कारण अर्धा अँपियर दोघांत वाटायचा असतो. त्यामुळे दिवसा हबवरून छोटी पॉवर बँक भरा, रात्री दिवा हबवर आणि फोन पॉवर बँकेवर. पॉवर बँक घेताना ती कमी प्रवाहावरही भरत राहते ना, ते घरी अर्ध्या अँपियरच्या जुन्या चार्जरवर लावून तपासा. काही बँका इतक्या कमी प्रवाहाला दाद देत नाहीत आणि बंद होतात.